स्वमग्न मुलाची दिवाळी

नवरात्र संपून कोजागिरी जवळ आली की दवाखान्यातल्या गर्दीचे रूप बदलते. सर्दी-ताप तर असतोच. शिवाय माळा झाडताना धुळीने उसळलेला दमा, शिडीवरून घसरून मुरगळलेला पाय, रंगाच्या वासाने चढलेली अर्धशिशी. या गर्दीत दरवर्षी एक-दोन आई-बाप असे असतात, की जे आपला नंबर आला तरी दुसऱ्याला पुढे जाऊ देतात. सगळे गेले की हळू आवाजात विचारतात, "मॅडम, दिवाळीचे चार दिवस याला झोपेचं काही देता येईल का?"

देता येणार नाही. हे उत्तर मी इथे जाहीरच देऊन ठेवते, म्हणजे कुणी औषधांच्या दुकानातून परस्पर बाटली नेणार नाही. सर्दीच्या औषधाने गुंगी येते, हे सगळ्यांना ठाऊक झाले आहे आणि तिथेच घोटाळा होतो. अशा औषधाने काही मुले झोपण्याऐवजी अधिकच बिथरतात. ज्याला फिट्स येतात, त्याच्या बाबतीत तर हा खेळ अंगाशी येऊ शकतो. एखाद्या मुलाला झोपेचा कायमचा त्रास असेल आणि तज्ज्ञाने तपासून औषध दिले असेल, तर ती गोष्ट वेगळी. पण पाहुणे येणार म्हणून मुलाला गुंगवून ठेवणे हा उपचार नव्हे.

मात्र हा प्रश्न विचारणाऱ्या आईला मी दोष देत नाही. तिला मुलाची भीती वाटत नसते, तिला घरी येणाऱ्या माणसांची भीती वाटत असते. म्हणून माझे म्हणणे असे, की स्वमग्न मुलाला सणासाठी तयार करायचे ते करावेच, पण त्याआधी घराला आणि गल्लीला त्या मुलासाठी तयार करावे. जास्त काम तिथे आहे.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. हा मराठी शब्द आता रुळला आहे, पण मला तो फारसा पटत नाही. मूल स्वतःत मग्न असते, त्याला आपले काही नको असते, असा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी असते. त्याला आपल्यात यायचे असते, पण वाट सापडत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रथम सविस्तर लिहिले. सर्व काही रोजच्यासारखे, होते तसेच राहावे हा या मुलांचा विलक्षण आग्रह त्यांनी तेव्हाच नोंदवला होता. पुढे बरीच वर्षे 'आई थंड स्वभावाची म्हणून मूल असे झाले' असा ठपका आयांवर ठेवला गेला. तो साफ चुकीचा ठरला आहे. लसीमुळे हे होते असे सुचवणारा एक लेख १९९८ साली इंग्लंडमधील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो २०१० साली त्या नियतकालिकानेच रद्द केला. तरीही आमच्याकडे लस टाळणारे पालक अजून भेटतात. मेंदूची जडणघडणच वेगळ्या तऱ्हेने होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, एवढे आज नक्की सांगता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न असते. हाच हिशेब धरला, तर पन्नास हजार वस्तीच्या गावात अशी जवळजवळ चारशे माणसे हवीत. आपल्या गावात आपण किती पाहिली? लग्नात, देवळात, सार्वजनिक गणपतीपुढे? बाकीची आतल्या खोलीत आहेत.

आता दिवाळीकडे त्या मुलाच्या बाजूने पाहू. आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते, त्याची आधीच तीन आठवडे सुरू झालेली असते, आणि ती वाईट होते. दिवाण भिंतीपासून सरकतो, डबे माळ्यावरून खाली येतात, पडदे बदलतात, ओल्या रंगाचा वास नाकात बसतो. आपल्याला घर उजळल्यासारखे वाटते. त्याला रोजची खूणगाठ असलेले घर कुणीतरी पळवून नेल्यासारखे वाटते. माझ्याकडे येणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाने एकदा तीन दिवस नीट जेवण घेतले नाही. पोट तपासले, घसा पाहिला, दात पाहिले; सगळे ठीक. शेवटी त्याच्या आजीच्या लक्षात आले, की साफसफाईत फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला होता आणि हा मुलगा फ्रिजला पाठ लावून बसल्याखेरीज जेवत नसे. फ्रिज परत आत आला. मुलगा त्याला टेकला आणि वरणभात जेवला.

तेव्हा साफसफाई करा, पण त्याचा एक कोपरा सोडा. त्याची उशी, त्याची डब्यांची रांग, बसण्याची जागा जशीच्या तशी राहू द्या. जे हलवणे भागच आहे, ते त्याच्यासमोर आणि त्याचा हात लावून हलवा. शाळेतून आल्यावर अचानक बदललेले घर त्याला दाखवू नका.

येणाऱ्या दिवसांची कल्पना देण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. त्यावर पणतीचे चित्र काढा, आत्याचा फोटो चिकटवा, शाळेला सुटी असलेल्या दिवसांवर शाळेचे चित्र काढून फुली मारा. रोज रात्री त्याच्याच हाताने एक दिवस खोडायला लावा. मागच्या दिवाळीचे फोटो मोबाईलमध्ये असतात, ते आठ-दहा दिवस आधीपासून रोज दाखवा आणि दरवेळी तेच शब्द वापरा: "आत्या येणार. दोन रात्री राहणार. मग आत्या जाणार." यातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. काय होणार हे आपण सांगतो, संपणार कधी हे सांगायला विसरतो. आपल्यालाही कंटाळवाणे भाषण चालू असताना घड्याळ समोर असले तर बरे वाटतेच की.

सुटी ही आपल्याला मोकळीक वाटते. त्याची मात्र त्या दिवसांत आधाराची काठीच निघून जाते. सुटीच्या पहिल्या सकाळी दप्तर पाठीला लावून रिक्षाची वाट पाहत दारात उभे राहणारे मूल मी पाहिले आहे. दिवसातल्या दोन-तीन गोष्टी तरी काहीही झाले तरी बदलू नयेत: उठल्यावरचा तोच नाश्ता, संध्याकाळची तीच फेरी, झोपण्यापूर्वीचे तेच गाणे.

पहिली आंघोळ हा एक वेगळाच प्रसंग. पहाटे पाचला अंधारात उठवायचे, तेल चोळायचे, खरखरीत उटणे लावायचे, वर बाहेर फटाके. यातली एक गोष्टही काही मुलांना सोसत नाही, आपण चारही एकदम करतो. सूर्योदयाआधी न न्हाणारा नरकात जातो, असे आजी सांगते. आजीचा मान ठेवून मी एवढेच म्हणेन, की लेकराला सकाळी सातला नीट न्हाऊ घातले तर देव काही वही घेऊन बसलेला नाही. बऱ्याच मुलांना हलका स्पर्श गुदगुल्यांसारखा नकोसा होतो, पण तळहाताने सावकाश, दाबून लावलेले तेल चालते. आठवडाभर आधी नुसत्या पायांना लावून पाहा. उटण्याचा वास किंवा खर सोसत नसेल तर बोटभर हातावर लावून शास्त्र पुरे करा. कारीट फोडायला मात्र यातल्या काही मुलांना भलतेच आवडते. आवडले तर चार जास्त आणा.

नव्या कपड्यांचेही असेच. जर, कांजी, मानेमागची चिठ्ठी यांनी अंगाला सुया टोचल्यासारखे होते. कपडे दोनदा धुवा, चिठ्ठी उसवून काढा, आत जुना मऊ बनियन घाला. तरी नकोच म्हणाला तर जुन्या शर्टावर लक्ष्मीपूजन होऊ द्या. फराळाविषयी एकच सांगते. जे मूल वर्षभर चार पदार्थांपलीकडे खात नाही, ते दिवाळीत चकली खायला शिकणार नाही. शिकवण्याची ती वेळ नव्हे. 'घे ना, एकच घे' असे म्हणत ताटली पुढे करणाऱ्या पाहुण्याला थांबवणे हे आईचे नव्हे, बापाचे काम असावे, असे माझे मत आहे. आई तेव्हा चहा टाकत असते.

पाहुण्यांवरून मुख्य विषयाकडे येते. स्वमग्न मुलाच्या घरी दिवाळी बिघडते ती बहुधा मुलामुळे नाही, बोलण्यामुळे. "लाडावून ठेवलंय." "आमच्या वेळी दोन धपाटे दिले की सरळ व्हायची पोरं." "मोबाईल दाखवता ना, मग असंच होणार." "वडीलही उशिराच बोलले होते, काळजी करू नका." यातले शेवटचे वाक्य मायेने म्हटलेले असते, पण त्याने कित्येक मुलांची पहिली महत्त्वाची वर्षे वाया गेली आहेत. नावाने हाक मारली तरी वळून न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता आपला हात धरून तिकडे ओढणे, वर्ष-दीड वर्षाचे असताना येत असलेले दोन शब्द नंतर नाहीसे होणे, यांतले काही दिसले तर कान तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञाकडे जावे. वडिलांच्या बोलण्याची कुंडली पाहत बसू नये. जिल्हा रुग्णालयांच्या जोडीने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालतात, तिथे अशा मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसतो असे समजून पालक मागे राहतात. शिक्का लोकांनी आधीच मारलेला असतो. कागदाने निदान काही पदरात पडते.

तर, पाहुणे येण्याआधी एक फोन करावा. लाजत नव्हे, गाडी किती वाजता येणार हे विचारतो तितक्या सहजपणे. "दादा, आमच्या बाळाला एकदम जवळ घेतलेलं सोसत नाही. तो आपणहून येईपर्यंत थांबा. पाया पडला नाही तर रागावू नका. आणि तो मागच्या खोलीत गेला तर जाऊ द्या, ती त्याची विश्रांतीची जागा आहे." एवढे पुरे. बहुतेक माणसे समजून घेतात. जे घेत नाहीत त्यांच्याकडे त्या वर्षी फराळाचा डबा पाठवावा, मूल पाठवू नये. आपण कुणाकडे गेलो तर वीस मिनिटे बसावे आणि सगळे ठीक चालले असतानाच उठावे. मूल रडू लागल्यावर निघालो, तर त्याच्या डोक्यात ते घर रडण्याचे घर म्हणून राहते. 'पुरे' म्हणण्याची एक खूण त्याला शिकवावी, हात वर करण्याची किंवा खिशातले लाल कार्ड दाखवण्याची. आणि ती खूण केली की खरोखरच उठावे. दोनदा दुर्लक्ष केलेत तर तिसऱ्यांदा तो खूण करणार नाही, किंचाळेल.

किंचाळला, आडवा पडला, स्वतःला मारू लागला, तर तो हट्ट समजू नये. हट्ट करणारे मूल मधूनच तिरक्या नजरेने पाहते, आपण पाहतो आहोत का म्हणून. याचे तसे नसते. याचा बांध फुटलेला असतो. त्या वेळी 'काय झालं, काय हवं' असे प्रश्न विचारू नयेत. दिवा मंद करावा, टीव्ही बंद करावा, बघ्यांना बाहेर काढावे आणि त्याला इजा होणार नाही एवढे पाहून जवळ गप्प बसावे. मारण्याने काहीही साधत नाही. आणि रोज शांत असणारे मूल दोन-तीन दिवस एकसारखे बिथरलेले असेल तर सगळे सणावर ढकलू नका. कान दुखतो, दाढ दुखते, पोट साफ नाही, हे त्याला सांगता येत नसेल. आमच्याकडे घेऊन या.

भाऊबीजेचे ओवाळणे घ्या. चेहऱ्यासमोर ज्योत, कपाळाला ओले कुंकू, डोक्यावर अक्षता. आपल्या प्रेमाचे हे तीन प्रकार त्याला तीन संकटे वाटू शकतात. एका घरातल्या नऊ वर्षांच्या बहिणीने यावर स्वतःच तोड काढली. ती आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी न पेटवलेले निरांजन घेऊन भावासमोर बसू लागली. पहिल्या दिवशी खोलीच्या त्या टोकाला, मग रोज थोडी जवळ. अक्षता डोक्यावर न टाकता त्याच्या मुठीत दिल्या. भाऊबीजेला ज्योत पेटली तेव्हा तो पाटावर बसून होता. मला त्या मुलीचे कौतुक वाटले, तशी थोडी काळजीही वाटली. अशा घरांतली भावंडे वयाच्या मानाने फार लवकर शहाणी होतात. तिलाही फुलबाजी, मैत्रिणी आणि बापाबरोबर एक संपूर्ण संध्याकाळ मिळाली पाहिजे, भावाला सोबत न नेता.

आता फटाके. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवून दिली आणि माळांवर बंदी घातली. त्याही आधीपासून, फोडण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या फटाक्याला मनाई आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. नियम कागदावर उत्तम आहेत. आमच्या पेठेत पहाटे चारला सुतळी बॉम्ब वाजतो.

ज्या मुलाचे कान अतिशय संवेदनशील असतात, त्याला हा आवाज नुसता मोठा वाटत नाही, दुखतो. ते कानावर हात आपटते, आणि त्याहून धोक्याचे म्हणजे वाट फुटेल तिकडे धावत सुटते. कापसाच्या बोळ्यांनी फारसे भागत नाही. कारखान्यात कामगार लावतात ते कानांवर बसणारे रक्षक सुरक्षासाहित्याच्या दुकानात मिळतात, मुलांच्या मापाचेही मागवता येतात. ते आठवडाभर आधी शांत वेळी पाच-पाच मिनिटे घालून सवय करावी. बॉम्ब वाजल्यावर प्रथमच डोक्यावर चढवले तर ते भिरकावून देईल. संध्याकाळी घरातली सर्वांत आतली खोली, चालू पंखा आणि ओळखीचे गाणे. दाराला वरची कडी.

शेजाऱ्यांशी बोलावे का, असे पालक विचारतात. जरूर बोलावे, पण माझा अनुभव असा, की मोठ्यांपेक्षा गल्लीतल्या पोरांशी बोलावे. आमच्या मागच्या आळीत एका बापाने मुलांना घरी बोलावून चिवडा दिला आणि सरळ सांगितले, की आवाजाने आमच्या मुलाला असा त्रास होतो, तुम्ही काय करू शकाल? पोरांनीच ठरवले, की आवाजाचे फटाके मैदानावर, भुईचक्र आणि झाड गल्लीत. त्यांतला एक जण 'आता आवाज होणार आहे' असे आधी सांगायलाही येई. हेच त्यांच्या वडिलांना सांगितले असते, तर 'आमच्याच सणाला नियम का' यावर सभा भरली असती. सण बंद करा असे कुणीच म्हणत नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे जो त्रास या मुलाला होतो, तोच ओल्या बाळंतिणीच्या तान्ह्याला आणि हृदयविकाराच्या आजोबांना होतो; ते बिचारे किंचाळत नाहीत, एवढाच फरक.

एक मात्र लक्षात ठेवा. सगळ्या स्वमग्न मुलांना आवाज नकोसा असतो असे नाही. ताशावाल्याच्या पुढ्यात तासभर तल्लीन उभा राहणारा एक मुलगा माझ्या माहितीचा आहे. काहींना फिरणारे भुईचक्र इतके आवडते, की ते हात घालायला जातात. चटका बसूनही काही मुले रडत नाहीत, म्हणून भाजल्याचे उशिरा कळते. भाजल्यास वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, तूप, शाई काहीही लावू नये.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी मला खरोखर झोप लागत नाही. ही मुले हातातून सुटून निघून जातात आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. गणपती विसर्जनाचा घाट, जत्रेतले तळे, कार्तिकात नदीत दिवे सोडायची संध्याकाळ, अशा ठिकाणी एका मोठ्या माणसाने फक्त त्याचा हात धरायचा, दुसरे काही करायचे नाही. 'सगळे आहेत ना' म्हणजे कुणीच नाही. घरातून निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढून ठेवा. खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पिनेने टोचा. मूल दिसेनासे झाले तर आधी जवळची विहीर, नदी, तळे गाठा, इतरांना बाजारात पाठवा, आणि ११२ वर लगेच फोन करा. 'येईल इतक्यात' म्हणून थांबू नका. पोहायला शिकवता आले तर जरूर शिकवा.

गावी जायचे असेल तर त्याची चादर, ताटली आणि पेला सोबत घ्या. फिट्सचे औषध चालू असेल तर दिवस मोजून, दोन दिवसांचे जास्त घ्या. जागरण आणि चुकलेला डोस ही फिट येण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि सणात दोन्ही एकत्र येतात.

तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे कंदील उतरतात. ज्या मुलाने कंदिलाशी पंधरा दिवस जमवून घेतले, त्याला आता त्याचे जाणेही जड जाते. तो दिवसही कॅलेंडरवर आधीच काढून ठेवा आणि कंदील त्याच्याच हाताने डब्यात ठेवू द्या. शाळा सुरू होण्याच्या चार दिवस आधीपासून उठण्याची वेळ पूर्ववत करा, एकदा शाळेच्या फाटकापर्यंत फिरवून आणा, आणि रिक्षावाल्या काकांना नक्की तारीख विचारून त्याच दिवशी रिक्षाचे चित्र काढा.